महाडच्या तळ्याचा दावा

गांवाच्या मध्यभागीं किंवा वेशीजवळ एखादें मोठें तळें असलें कीं हळूहळू त्याच्या कांठीं घरें उभीं राहतात. प्रथम एक पायवाट पडते. मग वाटेच्या टोकाशीं चार दगड रचले जातात. पुढें त्या दगडांच्या पायऱ्या होतात. आणि एक-दोन पिढ्या लोटल्या म्हणजे त्या पायऱ्यांना कोणा एका घराण्याचें नांव मिळतें. शेजाऱ्यानें त्या घाटावर कपडे धुवावे कीं नाहीं, पलीकडच्या आळींतील बायकांनीं कोणाच्या परसांतून पाण्यास जावें, बांध ढासळला तर खर्च कोणीं सोसावा, असे प्रश्न मग निघूं लागतात. हे प्रश्न दिसावयास लहान असतात. परंतु त्यांचा उलगडा करूं गेलें असतां तीन निरनिराळे हक्क एकमेकांत गुंतलेले आढळतात. कांठावरील जमिनीचा हक्क एक, त्या जमिनीवरून येण्याजाण्याचा हक्क दुसरा आणि खालच्या पाण्याचा हक्क तिसरा. पहिला ज्याच्यापाशीं आहे त्याच्यापाशीं उरलेले दोन असतीलच असें नाहीं.

कायद्यानें हा गुंता सोडविण्याचा यत्न बराच पूर्वीं आरंभिलेला आहे. हिंदुस्थानांत १८८२ सालीं ईझमेंट्सचा, म्हणजे एकाच्या जमिनीवर दुसऱ्यास असणाऱ्या वहिवाटीच्या हक्कांचा, कायदा झाला व १८९१ सालीं तो मुंबई इलाख्यास लागू करण्यांत आला. एखादा मनुष्य दुसऱ्याच्या जमिनीवरून उघडपणें, निर्वेधपणें आणि हक्क म्हणून वीस वर्षें जात-येत असेल, तर ती वाट त्याच्या मिळकतीस जडते व जमिनीच्या मालकास ती बंद करतां येत नाहीं, असें त्यांतील एक तत्त्व आहे. स्थानिक रूढीवरूनहि असा हक्क उत्पन्न होऊं शकतो. म्हणजे दीर्घकाळची वहिवाट ही कायद्याच्या दृष्टीनें पोकळ वस्तु नव्हे. तिच्यांतून खरा हक्क जन्मास येतो.

पाश्चात्त्य देशांतहि हाच प्रश्न उठला होता. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें १६४१ सालीं मोठीं तळीं मासेमारीकरितां व पक्ष्यांच्या शिकारीकरितां घरसंसार असलेल्या प्रत्येक रहिवाशास मोकळीं ठेविलीं. पुढें १६४७ सालच्या दुरुस्तीनें दहा एकरांहून अधिक विस्ताराचें तळें तें मोठें तळें, असें ठरलें. आणि अशा तळ्यापर्यंत पोंचण्यासाठीं दुसऱ्याच्या जमिनीवरून पायीं जाण्याचीहि मुभा मिळाली. उभ्या पिकाची व कुरणाची नासाडी होऊं नये, एवढीच अट होती. कांठ कोणाचाहि असो, पाणी सर्वांचें, हा त्या नियमाचा अर्थ.

महाराष्ट्रांत हा प्रश्न याहून किती तरी बिकट रूपानें न्यायालयापुढें आला. तेथें तळें सार्वजनिक होतें, त्याच्या भोंवतालचे रस्तेहि सार्वजनिक होते. खाजगी होते ते फक्त कांठावरील जमिनीचे कांहीं पट्टे आणि घाट. तरीहि त्या कांठाच्या बळावर सर्व पाण्यावर हक्क सांगण्यांत आला, आणि तो हक्क खरा कीं खोटा हें ठरावयास नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. हें तळें म्हणजे महाडचें चवदार तळें.

महाड हें सावित्री नदीच्या कांठचें जुनें व्यापारी गांव. तें तेव्हांच्या कुळाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत आहे. तालुक्याचें ठिकाण असल्यामुळें बाजारहाटासाठीं, सरकारी सारा भरण्यासाठीं आणि कचेरीच्या कामासाठीं भोंवतालच्या खेड्यांतील लोकांना तेथें यावेंच लागे. चवदार तळें चार-पांच एकर विस्ताराचें आहे. तें कोणीं खोदलें हें कोणास ठाऊक नव्हतें. तें निदान अडीचशें वर्षांचें जुनें आहे, एवढें दोन्ही पक्षांस मान्य होतें. त्यास आंतून झरे होते व पावसाचें पाणीहि मिळे. सभोंवार म्युनिसिपालिटीचे रस्ते, रस्त्यांपलीकडे बहुतेक सवर्ण हिंदूंचीं व थोडीं मुसलमानांचीं घरें, आणि त्यांपैकीं अनेक घरमालकांचे तळ्याच्या अगदीं कडेस जमिनीचे पट्टे, पायऱ्या व दगडी बांध, अशी त्या जागेची मांडणी होती. तेव्हां अस्पृश्य गणल्या गेलेल्या लोकांचें एकहि घर तळ्याच्या आसपास नव्हतें. मुसलमान त्या तळ्याचें पाणी घेत. गुरेंढोरें तेथें पाणी पीत. मात्र खेड्याहून पांच-सात कोस चालत आलेल्या महाराला किंवा चांभाराला तहान लागली तर त्या विस्तीर्ण पाण्याकडे पाहत आपल्या वस्तीवरील विहीर गांठावी लागे.

या स्थितींत कायद्याच्या मार्गानें पहिला पालट घडवून आणिला तो रावबहादूर सीताराम केशव बोले यांनीं. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत त्यांनीं मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास वापरूं द्यावे, असा त्याचा आशय होता. सरकारनें पुढच्याच महिन्यांत तदनुसार हुकूम काढिला. महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ च्या जानेवारींत आपल्या हद्दींतील तळें सर्वांस मोकळें असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारणेच्या बाजूचे गृहस्थ त्या संस्थेंत होते, म्हणूनच ही गोष्ट घडूं शकली.

ठराव झाला, परंतु तीन वर्षेंपर्यंत तळ्यावर कोणी उतरलें नाहीं. ठरावाचा कागद दप्तरांत पडून राहिला आणि पाणी जेथल्या तेथें राहिलें. याचें कारण उघड होतें. म्युनिसिपालिटीनें दार उघडलें असें म्हटलें, तरी दारापाशीं उभे असलेले लोक तेच होते. ज्याच्या शेतावर मजुरी करावयाची, ज्याच्या दुकानांतून उधार आणावयाचें, त्याच्याच घरासमोर तळ्यांत ओंजळ बुडविण्याचें धैर्य एकट्यादुकट्या मनुष्यास कोठून येणार? ५ ऑगस्ट १९२६ रोजीं बोले यांना कौन्सिलांत दुसरा ठराव आणावा लागला. जी म्युनिसिपालिटी किंवा जें लोकल बोर्ड पहिल्या ठरावाप्रमाणें वागणार नाहीं त्याचें सरकारी अनुदान थांबवावें, अशी शिफारस त्यांत होती. पहिला ठराव किती ठिकाणीं अमलांत आला असेल, याची कल्पना या दुसऱ्या ठरावावरून येते.

१९ व २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें कुळाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्षस्थानीं डॉ. भीमराव आंबेडकर होते. भोंवतालच्या व दूरच्या गांवांहून हजारों लोक जमले होते. गांवांत चार-पांच एकरांचें तळें असतां त्यांच्यासाठीं चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें, ही एकच गोष्ट त्या काळची स्थिति सांगावयास पुरेशी आहे. परिषदेच्या शेवटीं अनंतराव चित्रे यांनीं सुचविलें कीं, म्युनिसिपालिटीनें दिलेला हक्क आतां बजावून घ्यावा. त्याप्रमाणें सर्व मंडळी रांगेनें तळ्यावर गेली. डॉ. आंबेडकरांनीं प्रथम पाणी घेतलें व मागाहून इतरांनीं घेतलें.

त्यानंतर हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी हूल गांवांत उठली. परिषदेच्या मांडवांत जेवणास बसलेल्या व परतीच्या वाटेवर असलेल्या लोकांवर लाठ्यांचे हल्ले झाले. अनेक लोक जखमी झाले. हल्लेखोरांपैकीं कांहींना पुढें न्यायालयानें कारावासाची शिक्षा दिली. इकडे तळ्याची शुद्धि करण्यांत आली. एकशें आठ घागरी पाणी काढून त्यांत दूध, दहीं, शेण व गोमूत्र मिसळून, मंत्र म्हणून तें पुनः तळ्यांत ओतण्यांत आलें.

येथपर्यंतचा वाद धर्माच्या भाषेंत चालला होता. पुढें तो मिळकतीच्या भाषेंत चालूं लागला, आणि हा बदल बारकाईनें ध्यानांत घेण्यासारखा आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं म्युनिसिपालिटीनें आपला १९२४ चा ठराव रद्द केला. डॉ. आंबेडकरांनीं डिसेंबरांत महाडास सत्याग्रह करण्याचें जाहीर केलें. तेव्हां १२ डिसेंबर रोजीं महाडच्या न्यायालयांत स्पृश्य समाजाच्या वतीनें दावा दाखल झाला. त्यांत तळ्यास ‘चौधरी तळें’ असें म्हटलेलें होतें. हें तळें सार्वजनिक नसून भोंवतालच्या रहिवाशांच्या मालकीचें आहे आणि त्याचा वापर करण्याचा हक्क फक्त स्पृश्यांचा आहे, असें वादींचें म्हणणें पडलें. प्रतिवादी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी होते. विटाळाचा मुद्दा सरकारी ठरावापुढें टिकत नाहीं असें दिसतांच मालकीचा व वहिवाटीचा मुद्दा पुढें आला. १४ डिसेंबर रोजीं न्यायालयानें तात्पुरता मनाईहुकूम दिला.

२५ डिसेंबर रोजीं परिषद भरली त्या वेळीं सवर्ण हिंदूंपैकीं कोणीहि जागा देईना. एका मुसलमान गृहस्थानें आपली जमीन दिली. हजारों लोक सत्याग्रहाच्या निश्चयानें आले होते. त्याच रात्रीं तेथें मनुस्मृतीचें दहन झालें. पण तळ्याचें काय करावयाचें हा कठीण प्रश्न होता. मनाईहुकूम मोडावा तर सरकारशीं सामना होणार, व मुळांतील वाद ज्यांच्याशीं होता ते बाजूस राहणार. न मोडावा तर आलेल्या लोकांचा हिरमोड होणार. डॉ. आंबेडकरांनीं न्यायालयाचा मान राखण्याचा सल्ला दिला व तो परिषदेनें मान्य केला. मिरवणूक निघाली, तळ्याच्या सभोंवार फिरली, आणि पाण्यास स्पर्श न करतां परतली. मार्चमध्यें त्या पाण्याची ओंजळ घेण्यास जितकें धैर्य लागलें होतें, त्याहून डिसेंबरांत तें पाणी समोर असतां हात आवरण्यास कमी लागलें नसेल. मनाईहुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजीं उठविण्यांत आला. दावा मात्र चालूच राहिला.

आतां वादींना काय शाबीत करावयाचें होतें तें पाहिलें पाहिजे. एक तर तळें आपल्या मालकीचें आहे असें दाखवावयास हवें होतें. तें साधलें नाहीं. कांठावरील पट्टा किंवा घाट आपला आहे असें एखाद्या घरमालकास कागदपत्रांनीं दाखवितां येईल. आपल्या घाटावर परक्यानें पाय ठेवूं नये असेंहि तो म्हणूं शकेल. परंतु घाटाची शेवटची पायरी जेथें पाण्यांत बुडते तेथें त्याची मालकी संपते. तळें कोणा घराण्यानें खोदल्याचा पुरावा नव्हता, आणि कायद्याप्रमाणें असें सार्वजनिक तळें म्युनिसिपालिटीकडे येतें. मालकीचा मुद्दा वादी हरले.

राहिला मुद्दा रूढीचा. तळें म्युनिसिपालिटीचें असलें तरी पुरातन काळापासून तें फक्त स्पृश्यांनींच वापरावें अशी रूढि आहे, असें वादींचें म्हणणें होतें. रूढीस कायद्याचें बळ यावयाचें तर ती पुरातन, निश्चित, अखंड व वाजवी असली पाहिजे. या मुद्द्यावर तीन न्यायालयांनीं विचार केला, आणि तिघांच्या विचारसरणींतील भेद मननीय आहे.

महाडच्या न्यायालयानें ८ जून १९३१ रोजीं निकाल दिला. अस्पृश्यांना वगळून तळें वापरण्याची दीर्घकाळची चाल आहे, हें त्या न्यायाधीशांनीं मान्य केलें. परंतु एका वर्गानें सार्वजनिक तळें वापरलें व दुसऱ्यानें वापरलें नाहीं, एवढ्यावरून वापरणाऱ्या वर्गास कोणताहि कायदेशीर हक्क किंवा मालकी प्राप्त होत नाहीं, असें ठरवून त्यांनीं दावा काढून टाकिला. वादींनीं ठाणें येथें अपील केलें. तेथील असिस्टंट जज्जांनीं ३० जानेवारी १९३३ रोजीं तें फेटाळलें. ही रूढि अनादि काळापासूनची आहे हेंच मुळीं शाबीत झालेलें नाहीं, असा त्यांचा निर्णय होता. त्यावरहि वादी मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेले. न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व न्यायमूर्ति वाडिया यांनीं १७ मार्च १९३७ रोजीं खालचा निकाल कायम केला. वादींना आपण सांगितलेली पुरातन रूढि सिद्ध करतां आली नाहीं, असें त्यांनीं ठरविलें.

या निकालाचें मर्म समजण्यासाठीं पुनः एकदां वहिवाटीच्या तत्त्वाकडे वळावें लागतें. वहिवाटीचा हक्क दोन गोष्टींवर उभा राहतो: एकाचा वापर आणि दुसऱ्याचें मौन. शेजाऱ्यानें वीस वर्षें आपल्या जमिनीवरून जाऊं दिलें व हरकत घेतली नाहीं, म्हणजे त्यास तें मान्य होतें असें कायदा समजतो. दोन बरोबरीच्या शेजाऱ्यांत हें अनुमान न्याय्य आहे. कारण दोघांनाहि बोलण्याची मोकळीक असते. परंतु ज्याला बोलण्याचीच चोरी, त्याच्या मौनाचा अर्थ संमति असा कसा करावयाचा? महाडच्या पाण्यावर अस्पृश्य पिढ्यान्‌पिढ्या उतरले नाहींत, याचें कारण त्यांना तो प्रतिबंध न्याय्य वाटत होता हें नसून, उतरल्यास काय होईल हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. तें काय होतें हें २० मार्च १९२७ च्या दुपारीं सर्वांना दिसलें. न वापरणें आणि हक्क नसणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें महाडच्या न्यायाधीशांचें म्हणणें म्हणूनच फार मोलाचें ठरतें.

त्याच दृष्टीनें पाहिलें असतां २० मार्चच्या त्या ओंजळीस आणखी एक अर्थ येतो. कागदावरील हक्क जितका अधिक काळ बजावल्यावांचून राहतो, तितकी न वापरण्याची मुदत लांबत जाते, आणि पुढें तीच विरुद्ध पुराव्यासारखी पुढें केली जाते. ठराव १९२४ सालीं झाला आणि १९२७ सालीं रद्दहि झाला. तेवढ्या अवधींत कोणीच पाणी घेतलें नसतें तर, ठराव होऊनहि कोणी आलें नाहीं, तेव्हां रूढि सर्वांस मान्य आहे, असें म्हणण्यास वाव राहिला असता. म्युनिसिपालिटीचा ठराव एका बैठकींत होतो व दुसऱ्या बैठकींत मोडतो. त्यावर भिस्त ठेवून हक्क टिकत नाहीं. तो टिकतो वापरानें.

हायकोर्टाच्या निकालाची मर्यादाहि विसरतां कामा नये. अशी रूढि सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, या प्रश्नाचा विचार करणें कदाचित् अवश्य झालें असतें, एवढेंच न्यायमूर्तींनीं म्हटलें. रूढि सिद्ध न झाल्यामुळें त्या प्रश्नाचा निर्णय करण्याची वेळ आली नाहीं. महाडचें तळें मोकळें झालें तें वादींचा पुरावा अपुरा पडला म्हणून. मनुष्यांमनुष्यांत असा भेद करणारी रूढीच त्याज्य आहे, असें त्या निकालानें म्हटलें नाहीं. म्हणजे दुसऱ्या एखाद्या गांवीं अधिक जुना व भक्कम पुरावा पुढें आला असता तर तेथें काय झालें असतें, हा प्रश्न उरलाच.

तो प्रश्न न्यायालयाऐवजीं कायदेमंडळानें सोडविला. १९४७ सालीं मुंबई प्रांतांत हरिजनांवरील सामाजिक निर्बंध दूर करणारा कायदा अमलांत आला. २६ जानेवारी १९५० पासून भारताची राज्यघटना सर्वस्वीं लागू झाली. तिच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या कलमांत, सरकारी पैशानें चालणाऱ्या किंवा सर्व जनतेस वाहिलेल्या विहिरी, तळीं, स्नानाचे घाट व रस्ते यांच्या वापरास धर्म, वंश, जाति, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणासहि अटकाव करतां येणार नाहीं, असें स्पष्ट शब्दांत लिहिलेलें आहे. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. तळीं, घाट आणि रस्ते हे शब्द वाचतांना महाडच्या त्या तळ्याची मांडणी डोळ्यांपुढें उभी राहिल्यावांचून राहत नाहीं. पुढें १९५५ च्या कायद्यानें असा अटकाव करणें हा शिक्षापात्र गुन्हा ठरला.

खाजगी मालकीस मात्र यामुळें बाध आला नाहीं. कांठावरील घरमालकाचा पट्टा त्याचाच राहिला, त्यानें बांधलेला घाट त्याचाच राहिला, आणि शेजाऱ्यांमधील वाटेचे व बांधाचे तंटे पूर्वींप्रमाणेंच वहिवाटीच्या नियमांनीं सुटत राहिले. घाट बांधल्यानें पाणी आपलें होत नाहीं आणि शेजारी पुष्कळ वर्षें आला नाहीं म्हणून त्याचा हक्क बुडत नाहीं, एवढीच गोष्ट महाडच्या दाव्यानें पक्की केली. दर वर्षीं २० मार्चला दूरदूरचे लोक महाडला येतात, तळ्याच्या पायऱ्या उतरतात आणि तें पाणी ओंजळींत घेतात. त्यांना तेथें कोणी अडवीत नाहीं.